कारस्थान-उपपत्ती आणि लोकशाही

युद्ध, साथ, हत्या, आर्थिक मंदी किंवा निवडणुकीचा निकाल यांसारख्या मोठ्या सार्वजनिक घटनेचे खरे कारण म्हणजे मूठभर सामर्थ्यशाली लोकांनी गुप्तपणे रचलेला कट होय, असे मानणारे आणि विरोधी पुराव्यालाही त्याच कटाचा भाग ठरविणारे विवरण म्हणजे कारस्थान-उपपत्ती. सामान्य अफवेहून ती वेगळी असते. अफवा एका घटनेपुरती असते व प्रसंग निवळला की बहुधा विरते. कारस्थान-उपपत्ती सुट्या घटना एका सूत्रात ओवते, त्यांमागे एक कर्ता व एक हेतू कल्पिते आणि म्हणून दीर्घायुषी ठरते. आंतरजालावरील समाजमाध्यमांचा प्रसार झाल्यापासून, विशेषतः २०१६ नंतर, लोकशाही शासनपद्धतीवर होणारा तिचा परिणाम हा राज्यशास्त्र, मानसशास्त्र व विधी या क्षेत्रांत अभ्यासाचा विषय झाला आहे.

कट प्रत्यक्षात होतच नाहीत, असे नाही. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे ॲलाबामा राज्यातील टस्कीगी येथे सु. ४०० कृष्णवर्णीय उपदंश रुग्णांना त्यांच्या रोगाची खरी माहिती दिली नाही व पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही उपचार केले नाहीत. वॉटरगेट प्रकरणात खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने गुन्ह्यावर पांघरूण घातले आणि त्याची परिणती रिचर्ड निक्सन यांच्या राजीनाम्यात (९ ऑगस्ट १९७४) झाली. सत्ताधाऱ्यांविषयी संशय बाळगणे हा लोकशाही नागरिकाचा दोष नसून त्याचे कर्तव्यच मानावे लागेल. मात्र ही दोन्ही प्रकरणे वृत्तपत्रे, न्यायालये व संसदीय समित्या यांच्याद्वारे, कागदपत्रे व साक्षी तपासून उघडकीस आली. कारस्थान-उपपत्तीचा मार्ग नेमका उलटा असतो. न्यायालयाने आरोप फेटाळला, तर न्यायाधीशही कटात सामील आहेत असे म्हटले जाते. फेरमोजणीत काही आढळले नाही, तर मोजणारे विकले गेले असे ठरते. अशा रीतीने कटवाल्यांचे वर्तुळ विस्तारत जाते आणि कोणता पुरावा मिळाला असता तर आपले मत बदलले असते, या प्रश्नाला उत्तर उरत नाही. समाजातील प्रत्येक अनिष्ट गोष्ट कोणीतरी हेतुपुरस्सर घडवून आणलेली असते, या समजुतीवर कार्ल पॉपर (१९०२–९४) यांनी द ओपन सोसायटी अँड इट्स एनिमीज (१९४५) या ग्रंथात टीका केली आहे. पूर्वी जे देवदेवतांच्या लहरीवर सोपविले जाई, तेच आता बलाढ्य गटांवर सोपविले जाते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कट करणारे असतात. पण ते क्वचितच सफल होतात, कारण सामाजिक व्यवहारात योजिलेले बहुधा योजिल्याप्रमाणे घडत नाही.

लोकशाहीशी या प्रश्नाचा संबंध एका विशिष्ट ठिकाणी सर्वांत निकटचा आहे. निवडणूक विजयी पक्षाला सत्ता देते, परंतु व्यवस्था टिकते ती पराभूत पक्षाने पराभव मान्य केल्यामुळे. पुढच्या वेळी आपणही जिंकू शकू आणि मोजणी प्रामाणिक असेल, या दोन विश्वासांवर ही मान्यता उभी असते. निकाल चोरीचा आहे असे एकदा मनात ठसले की विरोधी पक्ष हा प्रतिस्पर्धी न राहता शत्रू ठरतो, आणि शत्रूने बळकावलेली सत्ता परत घेण्यासाठी नियम मोडणे हेच नियमरक्षण वाटू लागते. जोसेफ युसिन्स्की व जोसेफ पॅरंट यांनी द न्यूयॉर्क टाइम्स व शिकागो ट्रिब्यून या वृत्तपत्रांतील १८९० ते २०१० या काळातील वाचकपत्रांचे वर्गीकरण करून २०१४ मध्ये असे दाखविले, की कारस्थानाचे आरोप बहुधा सत्तेबाहेर असलेल्यांकडून सत्तेत असलेल्यांवर होतात आणि सत्तांतराबरोबर त्यांची दिशाही बदलते. ही वृत्ती कोण्या एका विचारसरणीची मिरास नाही, हे यावरून लक्षात येईल.

पूर्वपीठिका : फ्रान्समध्ये १७८९ च्या उन्हाळ्यात सरदारवर्गाने भाडोत्री दरोडेखोर शेतांवर सोडले आहेत, या अफवेने खेडोपाडी ‘महाभय’ म्हणून ओळखला जाणारा उद्रेक झाला. पुढे त्याच क्रांतीचे खापर फ्रीमेसन व बव्हेरियातील ‘इल्युमिनाटी’ या अल्पजीवी गुप्तमंडळावर फोडणारे ग्रंथ ऑग्यूस्तँ बार्‍युएल व जॉन रॉबिसन यांनी १७९७ मध्ये लिहिले. रशियात १९०३ मध्ये प्रथम छापले गेलेले प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन हे ज्यूंच्या तथाकथित जागतिक कटाचे बनावट टिपण या साहित्यातील सर्वांत विघातक ठरले. त्यातील मजकूर मॉरिस झॉली या फ्रेंच लेखकाच्या १८६४ सालच्या एका राजकीय उपहासग्रंथावरून उचललेला आहे, हे लंडनच्या द टाइम्सने १९२१ मध्ये सिद्ध केले. तरीही त्याचा खप थांबला नाही. अमेरिकेत मोटारउद्योजक हेन्री फोर्ड यांच्या मालकीच्या साप्ताहिकाने १९२० पासून त्याचा प्रचार केला व फोर्ड यांना १९२७ मध्ये माफी मागावी लागली.

लोकशाहीच्या दृष्टीने अधिक बोधप्रद उदाहरण जर्मनीचे आहे. पहिल्या महायुद्धात पराभव अटळ दिसताच सप्टेंबर १९१८ च्या अखेरीस शस्त्रसंधीची निकड सेनानेतृत्वानेच सरकारपुढे मांडली होती. तथापि नोव्हेंबर १९१९ मध्ये संसदेच्या चौकशी समितीपुढे साक्ष देताना फील्डमार्शल हिंडेनबुर्क यांनी सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेल्याचे सांगितले, आणि अजिंक्य सैन्याचा देशातील समाजवाद्यांनी व ज्यूंनी घात केला, या उपपत्तीला अधिकृतपणाचे वलय लाभले. शस्त्रसंधीवर सही करणारे माट्टीआस एर्ट्‌सबेर्गर यांची ऑगस्ट १९२१ मध्ये व परराष्ट्रमंत्री वाल्टर राटेनाऊ यांची जून १९२२ मध्ये हत्या झाली. ज्यांनी पराभवाची जबाबदारी पत्करली तेच पराभवाचे कर्ते ठरले. वायमार प्रजासत्ताकाच्या ऱ्हासाला आर्थिक व आंतरराष्ट्रीय कारणेही होती. पण जन्मापासूनच ते लाखो नागरिकांना अवैध वाटत होते, हे विसरता येत नाही.

अमेरिकेतील या परंपरेला रिचर्ड हॉफस्टॅटर (१९१६–७०) या इतिहासकाराने १९६४ मध्ये ‘भ्रमग्रस्त शैली’ असे नाव दिले. तो शब्द वैद्यकीय अर्थाने न वापरता राजकीय भाषणाची एक रीत म्हणून आपण वापरीत आहोत, असे त्याने स्पष्ट केले होते. नंतरच्या लेखनात ही मर्यादा पुष्कळदा पाळली गेली नाही. संशय घेणाऱ्यास वेडा ठरविणे सोपे असले, तरी त्याने काही उलगडत नाही. मुंबईत १८९६ च्या प्लेगमध्ये रुग्णालयात नेलेल्या माणसांच्या देहांतून मोमियाई काढली जाते, असा समज पसरला व ऑक्टोबर महिन्यात गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडवरील रुग्णालयावर हल्ला केला. समज खोटा होता. परंतु घरात शिरून माणसे उचलून नेणारे सरकार त्या लोकांना कोणताही जाब देण्यास बांधलेले नव्हते, हेही तितकेच खरे आहे.

समाजमाध्यमांचे कार्य : छापील पत्रक काढण्यास पैसा, छापखाना व वितरक लागत, वृत्तपत्रात संपादकाची चाळणी असे. फेसबुक (२००४), यूट्यूब (२००५), ट्विटर (२००६, २०२३ पासून एक्स), व्हॉट्सॲप (२००९) व टेलिग्राम (२०१३) यांनी हा खर्च व ही चाळणी जवळजवळ नाहीशी केली. त्यामुळे वंचितांना आवाज मिळाला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु या माध्यमांचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींचे आहे व जाहिरातीचे मोल वापरकर्ता किती वेळ खिळून राहतो यावर ठरते. म्हणून प्रत्येकाच्या पडद्यावर काय आधी यावे हे ठरविणारी गणनरीत, म्हणजेच अल्गोरिदम, ज्या मजकुराला प्रतिसाद मिळण्याचा संभव अधिक त्याला वर ठेवते. फेसबुकने २०१७ पासून काही काळ रागाच्या चिन्हासह सर्व भावचिन्हांना साध्या ‘पसंती’च्या पाचपट भार दिला होता, असे कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांवरून २०२१ मध्ये उघड झाले. रागाच्या चिन्हाचा भार पुढे क्रमाक्रमाने कमी करून २०२० मध्ये शून्यावर आणण्यात आला. कारस्थान-उपपत्तीत रहस्य, खलनायक व अपूर्णता हे तिन्ही घटक असल्याने अशा व्यवस्थेत ती सहज वर येते. ही कोणाची दुष्ट योजना नव्हे. पॉपर ज्यांना अनपेक्षित परिणाम म्हणतात, त्यांचेच हे उदाहरण होय.

सोरूश वोसुगी, डेब रॉय व सिनन अरल यांनी ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात पसरलेल्या सु. १,२६,००० वृत्तांचा मागोवा घेऊन २०१८ मध्ये सायन्स या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. खोटे वृत्त पुढे पाठविले जाण्याची शक्यता खऱ्याहून ७० टक्क्यांनी अधिक होती आणि १,५०० लोकांपर्यंत पोहोचण्यास खऱ्या वृत्ताला सु. सहापट वेळ लागत होता. हा फरक स्वयंचलित खात्यांमुळे नव्हे, तर माणसांमुळेच पडत होता. दुसऱ्या बाजूने पाहता, अमेरिकेत कारस्थानांवर विश्वास ठेवणाऱ्यांचे एकूण प्रमाण काळाबरोबर वाढल्याचा पुरावा युसिन्स्की व सहकाऱ्यांना २०२२ च्या पाहणीत आढळला नाही. तसेच २०२० च्या निवडणूककाळात तीन महिने फेसबुक व इन्स्टाग्रामवरील मजकूर केवळ कालानुक्रमे दाखविला असता वापरकर्त्यांच्या राजकीय मतांत लक्षणीय बदल झाला नाही, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले. माध्यमांमुळे सर्वांचीच मती फिरते, ही लोकप्रिय कल्पना म्हणूनच जपून स्वीकारावी लागते. विखुरलेल्या विश्वासूंना परस्परांशी जोडणे, त्यांच्या संशयाला घटनेच्या वेगाने इंधन पुरविणे आणि राजकीय नेत्याला त्यांच्यापर्यंत थेट पोहोचविणे, हे या माध्यमांचे खरे सामर्थ्य दिसते.

अमेरिकेतील २०२० ची निवडणूक : वॉशिंग्टनमधील एका भोजनगृहाच्या तळघरात मुले डांबून ठेवली आहेत, अशी कल्पना २०१६ च्या निवडणुकीच्या सुमारास आंतरजालावर पसरली. ४ डिसेंबर २०१६ रोजी एक मनुष्य बंदूक घेऊन त्यांना सोडविण्यास तेथे शिरला. तेथे मुले नव्हती, आणि तळघरही नव्हते. पुढील वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘क्यू’ या टोपणनावाने प्रसृत होऊ लागलेल्या संदेशांतून ‘क्यूॲनॉन’ ही व्यापक उपपत्ती उभी राहिली. तिच्या अनुयायांना कोड्यांसारखे संकेत स्वतः उलगडावे लागत. त्यामुळे श्रोताच तिचा सहलेखक बनत असे.

या पार्श्वभूमीवर ३ नोव्हेंबर २०२० रोजी अध्यक्षीय निवडणूक झाली. कोविड-१९ च्या साथीमुळे टपाली मतदान फार मोठे होते व त्यात डेमोक्रॅटिक पक्षाचे मतदार अधिक होते. पेनसिल्व्हेनिया व विस्कॉन्सिन या राज्यांत कायद्याने टपाली मतपत्रिका मतदानाच्या दिवसापूर्वी उघडता येत नव्हत्या. साहजिकच प्रथम मोजलेल्या मतांत आघाडीवर असलेले राष्ट्राध्यक्ष डॉनल्ड ट्रंप नंतर मागे पडू लागले. मोजणीचा हा क्रम अभ्यासकांनी आधीच वर्तविला होता. ट्रंप यांनी मात्र अनेक महिने टपाली मतदानाला लबाडी म्हटले होते व मोजणी चालू असतानाच स्वतःला विजयी घोषित केले. ‘चोरी थांबवा’ या नावाचा फेसबुकवरील गट एका दिवसात तीन लाखांहून अधिक सभासदांचा झाला. कंपनीने ५ नोव्हेंबर रोजी तो काढून टाकला, तेव्हा तोच मजकूर अन्यत्र गेला.

जो बायडेन यांना निर्वाचक मंडळात ३०६ विरुद्ध २३२ मते मिळाली. साठाहून अधिक खटले जवळजवळ सर्वच निष्फळ ठरले. ते फेटाळणाऱ्यांत ट्रंप यांनीच नेमलेले न्यायाधीशही होते. निकाल बदलेल अशा प्रमाणात गैरप्रकार आढळले नाहीत, असे महान्यायवादी विल्यम बार यांनी १ डिसेंबर रोजी सांगितले. जॉर्जियात सु. पन्नास लाख मतपत्रिका हाताने मोजण्यात आल्या. अंतिम फरक ११,७७९ मतांचा राहिला. ॲरिझोनातील मॅरिकोपा परगण्यात रिपब्लिकन सीनेटरांनी नेमलेल्या खाजगी कंपनीने २०२१ मध्ये पुन्हा मोजणी केली, तेव्हा बायडेन यांची ९९ मते वाढली व ट्रंप यांची २६१ घटली. तरीही नंतरच्या जनमत चाचण्यांत रिपब्लिकन पाठीराख्यांपैकी बहुसंख्यांना निकाल अवैधच वाटत राहिला.

याची किंमत प्रथम कनिष्ठ कर्मचाऱ्यांना मोजावी लागली. अटलांटा येथील मोजणीकेंद्रावर काम करणाऱ्या एका आईने आपल्या मुलीच्या हातात आल्याची गोळी दिली. त्या चित्रफितीचा तुकडा लक्षावधी लोकांनी पाहिला व त्या गोळीला मतयंत्रात घालावयाचे साधन ठरविण्यात आले. दोघींना धमक्या येऊ लागल्या, आईला घर सोडून राहावे लागले व मुलीने निवडणुकीचे काम सोडले. त्यांच्या दाव्यात डिसेंबर २०२३ मध्ये जूरीने अध्यक्षांचे माजी वकील रूडॉल्फ जूलियानी यांच्यावर १४.८ कोटी डॉलर भरपाई बसविली. अमेरिकेत निवडणुकीचे काम बहुतांशी अशा तात्पुरत्या व अल्पवेतनी स्थानिक माणसांवर चालते. ती माणसे घाबरून दूर झाली, तर मोजणी करावयास कोण उरेल, हा प्रश्न अनेक परगण्यांत प्रत्यक्ष उद्‌भवला.

६ जानेवारी २०२१ रोजी काँग्रेसच्या संयुक्त अधिवेशनात निर्वाचक मतांची मोजणी चालू असताना जमाव संसदभवनात घुसला. सु. १४० पोलीस जखमी झाले आणि कामकाज कित्येक तास थांबले. ते त्याच रात्री पुन्हा सुरू होऊन ७ तारखेच्या पहाटे पुरे झाले. पण हल्ल्यानंतरही काँग्रेसच्या १४७ सभासदांनी निकालाविरुद्धच्या आक्षेपांना मत दिले. पुढे दीड हजारांहून अधिक लोकांवर खटले भरण्यात आले. २०२४ च्या निवडणुकीत ट्रंप विजयी झाले व २० जानेवारी २०२५ रोजी त्यांनी या आरोपींपैकी जवळजवळ सर्वांना क्षमा केली. त्या निवडणुकीत पराभूत झालेल्या उपाध्यक्ष कमला हॅरिस यांनी दुसऱ्याच दिवशी पराभव मान्य केला होता व ६ जानेवारी २०२५ ची मोजणी त्यांच्याच अध्यक्षतेखाली शांतपणे पार पडली.

ब्राझीलमध्ये याच घटनाक्रमाची आवृत्ती निघाली. १९९६ पासून वापरात असलेल्या मतयंत्रांविषयी राष्ट्राध्यक्ष झाईर बोल्सोनारो यांनी पुराव्याविना संशय पसरविला. ऑक्टोबर २०२२ मध्ये ते निसटत्या फरकाने पराभूत झाले आणि ८ जानेवारी २०२३ रोजी त्यांच्या समर्थकांनी राजधानीतील संसद, सर्वोच्च न्यायालय व अध्यक्षीय प्रासाद यांवर हल्ला केला. तेथील निवडणूक न्यायालयाने त्यांना २०३० पर्यंत निवडणूक लढविण्यास अपात्र ठरविले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सत्ता बळकावण्याच्या कटाबद्दल २७ वर्षे ३ महिने कारावासाची शिक्षा दिली.

नियंत्रणाचे प्रयत्न : खाजगी संदेशवहनाचा प्रश्न भारतात विशेष तीव्रतेने जाणवला. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा (ता. साक्री) येथे १ जुलै २०१८ रोजी, मुले पळविणारी टोळी आल्याच्या समजुतीने, भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. असे संदेश व्हॉट्सॲपवरून आधी काही आठवडे फिरत होते. सांकेतिक कुलूप असलेल्या बंदिस्त गटात खोट्या मजकुराला जाहीर उत्तर देता येत नाही, हे या माध्यमाचे वैशिष्ट्य होय. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा घातली. ती जानेवारी २०१९ मध्ये जगभर लागू झाली. वारंवार पुढे पाठविलेल्या संदेशांसाठी ही मर्यादा एप्रिल २०२० मध्ये एकवर आणल्यावर असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने जाहीर केले. येथे मजकुराची तपासणी न करता केवळ वेग कमी केला होता, ही बाब लक्षणीय आहे.

मजकुराचा खरेखोटेपणा कोणी ठरवावा, हा प्रश्न याहून अवघड आहे. केंद्र शासनाविषयीचा मजकूर खोटा ठरविण्याचा अधिकार शासनाच्याच कक्षास देणारी २०२३ ची नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने २० सप्टेंबर २०२४ रोजी घटनाबाह्य म्हणून रद्द केली. यूरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा अधिनियमाने निराळी वाट धरली असून मोठ्या कंपन्यांनी आपल्या व्यवस्थेपासून निवडणुकांना संभवणारे धोके स्वतः तपासावेत व संशोधकांना माहिती उपलब्ध करून द्यावी, असे बंधन घातले आहे. अमेरिकेत मात्र फेसबुकची मालक कंपनी मेटा हिने बाह्य संस्थांकडून सत्यपडताळणी करून घेण्याचा उपक्रम थांबविण्याचे जानेवारी २०२५ मध्ये घोषित केले. कंपन्यांच्या मर्जीवर सोपविलेले नियमन मर्जीबरोबर बदलते, हे यातून दिसले.

संशयाला प्रक्रियेनेच उत्तर देण्याचा प्रयत्न भारतातील मतदानयंत्रांच्या बाबतीत झाला आहे. २००४ पासून लोकसभेच्या सर्व मतदारसंघांत यंत्रे वापरली गेली. २००९ च्या पराभवानंतर भारतीय जनता पक्षाच्या नेत्यांनी त्यांवर शंका घेतली. २०१७ नंतर काँग्रेससह इतर पक्षांनी घेतली. प्रत्येक शंकेला कारस्थान-उपपत्ती म्हणणे योग्य होणार नाही. शंका घेणारा तपासणीचा निष्कर्ष मानावयास तयार आहे की नाही, यावर ते ठरते. सर्वोच्च न्यायालयाच्या ८ ऑक्टोबर २०१३ च्या निर्णयानंतर मताची कागदी चिठ्ठी दाखविणारे व्हीव्हीपॅट यंत्र टप्प्याटप्प्याने जोडण्यात आले आणि २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून पडताळल्या जातात. महाराष्ट्र विधानसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत २८८ मतदारसंघांतील अशा १,४४० यंत्रांत तफावत आढळली नाही, असे निवडणूक यंत्रणेने जाहीर केले. त्याच सुमारास सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडी (ता. माळशिरस) येथील काही ग्रामस्थांनी, मतदारसंघात विजयी झालेल्या उमेदवाराला आपल्या गावात कमी मते कशी, या शंकेपोटी ३ डिसेंबर रोजी स्वखर्चाने मतपत्रिकांवर प्रतिमतदान योजिले. त्याला कायद्याचा आधार नव्हता व प्रशासनाने जमावबंदी लागू केल्यावर ते सोडून देण्यात आले. सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने त्यापूर्वीच, २६ एप्रिल २०२४ रोजी, अमान्य केली होती. मात्र त्याच निकालाने दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकावरील उमेदवारांना, निकालानंतर सात दिवसांत लेखी मागणी केल्यास, प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांची स्मृती अभियंत्यांकडून तपासून घेण्याची मुभा दिली. तिचा खर्च मागणी करणाऱ्याने सोसावयाचा असून यंत्रात फेरफार आढळल्यास तो परत मिळतो.